एकच प्रत ठेवावी

एका मैफलीच्या दोन टेपा निघाल्या तर स्वच्छ ती ठेवावी, दुसरी पोत्यात टाकावी. हुकूम वरून आला होता. वरच्यांना कपाटं रिकामी हवी होती. संगीताचं काय व्हायचं ते होवो.

संगीत-ग्रंथालयाच्या टेपांच्या खोलीत ताई सकाळपासून मोजदाद करत होती. जुन्या टेपांवर कोण वाजवतंय ते ओळखायला तिने धाकट्या भावाला बोलावलं होतं. तो व्हायोलिन वाजवायचा. आता त्याच्याच पहिल्या मैफलीच्या दोन टेपा पुढ्यात होत्या.

"ही साफ केलेली, श्रोत्यांचे आवाज काढलेली. ही कच्ची," म्हणत ताईने कच्ची लावली.

व्हायोलिन चढत गेलं, थांबलं. त्या शांततेत टाळ्या सुरू झाल्या. एकाच माणसाच्या. जोरात. मग सभागृहात खसखस पिकली.

भावाने मान खाली घातली. "आई."

"तिला वाटलं, संपलं."

"अर्धंसुद्धा झालं नव्हतं, ताई! सगळे वळून बघत होते. घरी येऊन मी तिला म्हटलं, पुन्हा येऊ नकोस."

"नाही आली. तुझा शब्द कधी मोडलाय तिने?"

घरात आईचे फोटो ढीगभर होते. आवाज कुठेच नव्हता. जन्मभर बोलत राहिली बाई, तो धरून ठेवायचं कुणाला सुचलं नाही. उरल्या होत्या या टाळ्या, आणि त्याही हुकुमाप्रमाणे पोत्यात जायच्या होत्या.

"थांब. मागे घे जरा," भाऊ म्हणाला. "लोक हसतात तिथे."

ताईने टेप मागे घेतली. हसण्याच्या खालून आणखी दोन हात वाजत होते. बारीक, बिचकत, पण आईच्या जोडीने.

"हे कोण?"

"मी. तिला एकटीला कशी सोडणार होते?"

साफ केलेली टेप उचलून भावाने पोत्यात टाकली.

"अरे वेड्या, ती चांगली आहे! शिकणारी मुलं तीच मागतात. वरचे मला फाडून खातील."

"त्यांना सांग," भाऊ म्हणाला, "तिच्यात दोन माणसं कमी होती."