चमचाभर तेल

माधी निलगिरीच्या तेलाच्या भट्टीच्या तोंडात वाळका पाला सारत होती, तेवढ्यात गिरिजा चढण चढून धावत आली. तिच्या कडेवर आठ महिन्यांचं पोर होतं. त्याची मान तिच्या खांद्यावर लोळत होती.

“माधीअक्का, हा उठतच नाही गं. हलवलं तरी डोळे उघडत नाही.”

माधी पहाटेपासून उभी होती. निलगिरीच्या पाल्याचे दोन भारे तिने एकटीने डोक्यावरून आणले होते आणि आता कुणी हाक मारली तरी ओ द्यायचं त्राण नव्हतं. तिने पोराची पापणी वर करून पाहिली. मग गिरिजाकडे पाहिलं.

“काय दिलंस?”

“मी नाही, मामींनी.” मामी म्हणजे तिची सासू, नंजम्मा. “छाती घरघरत होती. चोळून उतरेना, म्हणून चमचाभर तेल मधातून पाजलं. मी नको म्हणत होते. म्हणाल्या, काल आलेली तू, मला शिकवतेस? आणि कुणापाशी बोललीस तर बघ, म्हणाल्या.”

“कधी पाजलं?”

“अर्धा तास झाला असेल.”

माधीने पोर आपल्या खांद्यावर घेतलं आणि चहाच्या मळ्यातली पायवाट धरली. वस्तीतल्या प्रत्येक घरात तिच्या तेलाची बाटली होती. सर्दीला, डोकेदुखीला, गुडघ्यांना, गरम पाण्यात दोन थेंब टाकून वाफ घ्यायला. पाजायचं नाही, असं तिने कधी कुणाला सांगितलं नव्हतं. सांगायची वेळच आली नव्हती.

दवाखान्यात दोघी पोचल्या तोवर पोराचा श्वास अडखळायला लागला होता. मागोमाग नंजम्माही धापा टाकत आली आणि दारातूनच म्हणाली, “काही नाही हो डॉक्टरीणबाई, ताप डोक्यात गेलाय.”

डॉक्टरीण वयाने लहान होती, पण हात भराभर चालत होते. पोराच्या नाकावर नळी लावता लावता तिने विचारलं, “तेलाचा वास येतोय. काय केलंत?”

“चोळलं ना छातीला. सगळेच चोळतात.”

“पोटात गेलंय का?”

“छे! पोटात कोण देईल?” नंजम्माने पुढे होऊन पोराच्या ओठांत बोट घातलं. “उलटी काढली की बरं वाटेल त्याला.”

“हात काढा!” डॉक्टरीण ओरडली. “उलटी श्वासात गेली तर हातचा जाईल. मला खरं सांगा. पोटात गेलंय की नाही? किती? कधी? त्यावर माझं पुढचं ठरतंय.”

गिरिजाने तोंड उघडलं. नंजम्माने तिच्याकडे नुसतं पाहिलं. गिरिजाची नजर फरशीवर गेली आणि तिथेच राहिली.

माधी भिंतीला टेकून उभी होती. ही पोरगी आज खरं बोलली तर उद्यापासून सासूच्याच चुलीपाशी बसायचंय तिला, एवढंच तिच्या मनात आलं. आणि पोराकडे वेळ नव्हता.

“चमचाभर,” माधी म्हणाली. “मधातून. पाऊण तास झाला. मी पाजलं.”

मग डॉक्टरिणीने नर्सला भराभर काहीतरी सांगितलं आणि पोरावर वाकली. वाकल्या वाकल्याच म्हणाली, “एवढं वय झालं तुमचं. विष आहे ते पोटात गेलं की. ठाऊक नव्हतं?”

“होतं.”

“मग?”

माधी पोराच्या छातीकडे पाहत राहिली.

त्यांना बाहेर बसवलं. व्हरांड्यात वस्तीतल्या चार-पाच बायका औषधाला आल्या होत्या. नंजम्मा त्यांच्यात जाऊन बसली आणि कपाळावर हात मारून घेतला. “पोराला तेल पाजलं हो हिने! डोळे मिटून विश्वास टाकला होता हिच्यावर!” बायका माधीकडे पाहत राहिल्या. एकीने पिशवीतली तेलाची छोटी बाटली बाहेर काढली, उठून माधीच्या शेजारी बाकावर ठेवली आणि परत जागेवर गेली.

माधीने बाटली कमरेला खोचली.

चारच्या सुमाराला आतून पोराचं रडणं ऐकू आलं. चांगलं खणखणीत, रागाचं रडणं. गिरिजा भिंतीच्या आधाराने खाली बसली. नंजम्माने तोंडावर पदर घेतला आणि बराच वेळ काढला नाही.

डॉक्टरिणीने आई-पोराला रात्रभर ठेवून घेतलं. माधीचं नाव लिहून घेतलं, आणि पुन्हा असं ऐकलं तर पोलिसांना कळवीन, म्हणाली. माधीने मान डोलावली. तिला फक्त कुठेतरी पाठ टेकायची होती.

बसथांब्यावर एकच बाक होता. त्यावर नंजम्मा बसली होती, शेजारी तिची पिशवी. माधी खांबाला टेकून उभी राहिली. रस्त्यावर धुकं उतरत होतं. एक लाकडाची लॉरी गेली. मग नंजम्माने पिशवी उचलून मांडीवर घेतली.

माधी बसली.

नंजम्माच्या बोटांची पिशवीच्या बंदाशी चाळवाचाळव चालली होती. शेवटी ती पुटपुटली, “गुडघ्यांना तरी चालतं ना गं ते? तेल?”

“चालतं,” माधी म्हणाली. “वरून कितीही चोळ. आत जाऊ द्यायचं नाही.”