अंगठाछाप काच
लेकीचं लग्न झालं त्या साली माझ्या धाकट्या जावेच्या छातीत गाठ निघाली. मी दवाखान्याच्या प्रयोगशाळेत सूक्ष्मदर्शकाखाली ठेवायच्या काचा धुवायचे. जाऊ ऑपरेशनच्या टेबलावर बेशुद्ध होती आणि स्तन काढायचा की ठेवायचा, हे आमच्या खोलीत ठरणार होतं. मोठ्या डॉक्टरीणबाई कापून आणलेली गाठ गोठवून तिचे पातळ काप तपासायच्या. नवी डॉक्टर गाठ न गोठवता काचेवर दाबून उमटलेल्या पेशींचा ठसा बघायची. कोणाची रीत सरस, ते दोघी ताडून पाहत होत्या. “काय म्हणते तुझी अंगठाछाप?” बाई चिडवायच्या. मीही तेव्हा सहीऐवजी अंगठाच उठवायचे, हसू यायचं. त्या दिवशी गाठीभोवतीची चरबी नीट गोठेना, बाईंचे काप फाटले. “बाई, ठशात कॅन्सर स्पष्ट आहे,” नवी म्हणाली. बाईंनी ठसा पाहिला, टणक भाग गोठवून खात्री केली. “मावशी, अंगठाछाप खरी बोलली. काढायला सांगते. वाचेल ती.” जाऊ गेल्या हिवाळ्यात, पणतू खेळवून, म्हातारपणाने वारली.