मखमलीचा सोफा

सोनेरी भिंती, झुंबर आणि पांढऱ्या मखमलीचा सोफा असा दिवाणखाना सजला, तेव्हा मृणालिनीने चैत्रातल्या हळदीकुंकवाला माहेरच्या चाळीतल्या शेजारणींना मुद्दाम बोलावलं. त्यांनी घर बघून तोंडात बोट घालावं, एवढंच तिच्या मनात होतं.

तिने त्यांच्यातल्या विमलकाकूंना हळदकुंकू लावलं. परत तिला लावून काकू सोफ्यावर टेकणार, तोच ती बोलून गेली, "काकू, हात जपा हं. मखमलीवरचा हळदीचा डाग जात नाही."

काकूंनी पिवळं बोट आपल्या ठेवणीतल्या साडीच्या पदराला पुसलं आणि त्या खाली फरशीवर बसल्या. मृणालिनीची मान वर होईना.

"असू दे गं," काकू म्हणाल्या. "तुझ्या लग्नात तुला हळद लावली, तो डागही याच पदरावर आहे. मुद्दाम ठेवलाय."