विश्रामचा हात

दमयंतीचा धाकटा भाऊ विश्राम वारला, तेव्हा त्याच्या मनाची नक्कल त्याच्याच आवडत्या बॅडमिंटनच्या गेममध्ये उतरवून घेतली होती. रोज दुपारी ती त्याच्याशी एक डाव खेळायची. त्याला ऐकू यायचं, बोलता मात्र येत नसे. डाव संपला की हात हलवून तो "ये, ये" म्हणायचा, आणि तेवढ्या खुणेवर तिचा दुसरा दिवस निघायचा.

नव्या मॉनिटरवर मात्र तो अडखळत धावू लागला. तिनं कॉम्प्युटर दुरुस्त करणाऱ्या शेजारच्या रेश्माला बोलावलं.

"मावशी, हा सेकंदाला एकशेचव्वेचाळीस चित्रं दाखवू शकतो. तुमचा गेम जुन्या साठवरच अडकलाय," म्हणत रेश्मानं सेटिंग बदललं.

विश्राम झरझर धावू लागला, अगदी जिवंतपणी धावायचा तसा. दमयंतीचे डोळे भरून आले. डाव संपला आणि त्यानं हात हलवला, माणसाच्या हाताला जमणार नाही अशा वेगानं. वेगात फिरणारं चाक उलटं फिरताना दिसतं, तसा सेकंदाला साठच चित्रं असताना तो हात उलटा दिसत आला होता. तो तिला बोलावत नव्हता. दूर लोटत होता.

"पहिल्यासारखं करून देऊ?" रेश्मानं हळूच विचारलं.

दमयंतीनं मान हलवून नाही म्हटलं. ती पडद्याजवळ वाकली. "विशू, बंद करू का रे?"

हात थांबला.

तिनं बटणावर बोट ठेवलं. ते दाबवेना, आणि विश्राम तिच्याकडे बघत उभा होता.