बिनसंबंधाची जोडी

२००३ साली मिरजोळ्याच्या कारखान्यात मी एक प्रोग्रॅम लिहिला. एका यंत्राची चाल कळली की दुसऱ्याची किती कळते, ते तो मोजायचा. काहीच संबंध नसेल तर शून्य.

तपासायला मुद्दाम बिनसंबंधाची जोडी घेतली. कारखान्यातलं श्यामचं लेथ मशीन, आणि घरचं, माझ्या बायकोचं, उल्काचं शिलाई मशीन. दोन्हींना सेन्सर लावले.

आकडा पूर्ण शंभर टक्के आला. श्यामचं मशीन थांबलं की त्याच क्षणी उल्काचं थांबायचं. आठवडाभर, रोज.

"श्यामला ओळखतेस काय गो?" मी विचारलं.

"कोण श्याम?" तिने दातांनी दोरा तोडला.

मग माझ्या कीबोर्डची नोंद तिच्या मशीनशी लावून पाहिली. शून्य. अकरा वर्षांच्या संसाराचं शून्य! तेव्हापासून श्यामचं तोंड बघवेना.

शुक्रवारी भर दुपारी तो कामात गुंतलेला असताना मी मागून जाऊन त्याच्या मशीनचा मेन स्विच बंद केला. कोणी पाहिलं नाही. लगेच ऑफिसातून घरी फोन लावला.

"शिवतेस काय?"

"थांबलेय," उल्का शांतपणे म्हणाली. "अहो, त्याचं मशीन का बंद केलंत?"