मुकं पिंप

एवारिस्तोने पुन्हा पिंपाला कान लावला. आत काही नाही. परवापर्यंत हेच पिंप चुलीवरच्या पोलेंतासारखं, मक्याच्या लापशीसारखं रटरटत होतं.

"मेलं," तो म्हणाला.

"मेलं नाही, गारठलंय," नातालीना, त्याची बायको, म्हणाली. "भावापेक्षा चांगली वाइन करून दाखवायची म्हणून बर्फ पडेपर्यंत द्राक्षं वेलीवर ठेवलीस. आता भोग!"

वर्षाची सगळी वाइन त्या एका पिंपात होती. अर्धी झालेली, अर्धी नुसता गोड रस. अशीच राहिली असती तर उन्हाळ्याआधी आंबट ढाण होऊन गटारात गेली असती. आमच्या डोंगरात याला उपाय एकच. ज्याचा रस अजून उकळतोय, म्हणजे आंबताना गरम होऊन फसफसतोय, त्याच्याकडून बादलीभर आणायचा आणि झोपलेल्या पिंपात ओतायचा. नाही कुणी म्हणत नाही, पण मागावा लागतो. आणि एवढ्या थंडीत उकळतं पिंप गावात एकच उरलं होतं, समोरच्या फेर्मोचं. त्याच्या तळघराला गोठा लागून आहे, गाईंची ऊब मिळते. फेर्मो म्हणजे एवारिस्तोचा सख्खा धाकटा भाऊ. बापाच्या, आबांच्या, डोंगरउतारावरच्या द्राक्षमळ्याचा वरचा टप्पा कुणाचा, यावरून दोघांचं बोलणं बंद.

"मी मरेन, पण त्याच्या दारात जाणार नाही."

"तू मर खुशाल. मी जाते."

ती गेली आणि भरली बादली घेऊन आली. वर लाल फेस, त्यातून वाफ निघत होती. तळघराची शेवटची पायरी ती उतरते तोच एवारिस्तो ओरडला, "कुणाला विचारून गेलीस? माझी अब्रू त्याच्या उंबऱ्यावर ठेवून आलीस!" आणि त्याने बादलीला लाथ घातली.

रस तिच्या एप्रनवर उडाला, बाकीचा फरशीच्या फटींत गेला.

 नातालीनाने एप्रन सोडला, ती पिंपाला टेकलेली शिडी चढली आणि पिंपाच्या तोंडावर तिने तो पिळला. चार थेंब पडले. तिने पुन्हा पिळला, हात दुखेपर्यंत पिळला. मग शिडीवरच बसून हमसाहमशी रडू लागली.

"आता काय पिळू, सांग ना! मला स्वतःला पिळू?"

एवारिस्तोने पिंपाला कान लावला. आत अजूनही काही नाही. मग त्याने कोपऱ्यात पडलेली बादली उचलली आणि तो पायऱ्या चढून बाहेर पडला.

समोर फेर्मो बर्फातच स्वतःच्या उंबऱ्यावर बसला होता. शेजारी दुसरी बादली, भरलेली, वर गोणपाट टाकलेलं.

"वहिनी पहिली घेऊन गेली तेव्हाच ही भरली," तो म्हणाला. "तुझी लाथ काय मला माहीत नाही?"

एवारिस्तोने रिकामी बादली पुढे केली.

"असं नाही, दादा. मागावं लागतं. आबांचं पिंप मुकं झालं तेव्हा त्यांनीही शेजाऱ्याकडे तोंडानेच मागितलं होतं."

एवारिस्तोने तोंड उघडलं. ओठ हलले, पण शब्द फुटेना. गोणपाटाखाली फेस सळसळत होता. वाफ आता जेमतेम दिसत होती.

फेर्मोने गोणपाट नीट दाबून बसवलं. त्याचे डोळे भरून आले होते.

"बोल की रे दादा," तो म्हणाला. "गार होतंय."