तिसरा शर्ट

कपडे धुवायच्या नव्या पावडरी घरी वापरून बघायच्या आणि कंपनीला खरं ते कळवायचं, हे वहिनींचं काम. त्यापायी नवऱ्याच्या शर्टांचे हाल कुत्रा खाईना. आजही त्यांनी दोन पांढऱ्या शर्टांच्या कॉलरवर मुद्दाम चहा सांडला, एक जुन्या पावडरीत धुतला, एक नवीत, आणि दोन्ही दोरीवर वाळत घातले.

दुपारी काढायला गेल्या, तर दोरीवर तीन शर्ट. तिसऱ्याच्या कॉलरवर चहाचा डाग तसाच होता. शर्ट कोमट होता, अंगातून नुकताच काढल्यासारखा.

"अहो, हा कुठला?" त्यांनी आत येऊन विचारलं. खुर्चीतल्या नवऱ्याने पेपरातून डोकं वर काढलं नाही.

तेवढ्यात बाथरूममधून त्याचाच आवाज आला. "अगं, माझा शर्ट दे की."

नवऱ्याने पेपरचं पान उलटलं.

"देऊन टाक," तो म्हणाला. "मघापासून थांबलाय."